जावयाला दिलेली टेकडी

“आधी जेवण, मग नकाशे,” असं म्हणत तात्यांनी आमच्या साहेबांच्या हातातली गुंडाळी काढून घेतली आणि कोनाड्यात ठेवली. तात्या म्हणजे माझे चुलतसासरे आणि गावचे सरपंच. गाव लोधिवलीजवळचं. मी बंदराच्या विस्तार विभागात ज्युनियर इंजिनियर, आणि याच गावचा जावई.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत जहाजं केवढी होतील याचा अंदाज बांधून बंदराचा मास्टर प्लॅन झाला होता. त्यात नवा ब्रेकवॉटर होता. ब्रेकवॉटर म्हणजे समुद्रात दगड टाकून घातलेला बांध. त्याच्या आड जहाजं शांत पाण्यात उभी राहतात. त्याला लाटेने हलणार नाही असा मोठा, अखंड काळा दगड लागतो. तो या गावच्या टेकडीत सापडला. टेकडी गुरचरणाची, म्हणजे सगळ्या गावाची. ग्रामपंचायतीच्या ठरावाशिवाय क्वारी, म्हणजे दगडाची खाण, सुरू होत नव्हती, आणि गावाने आमच्या माणसांना दोनदा वाटेला लावलं होतं. टेकडीच्या पायथ्याशी झरा होता, त्याच्यावर गावची विहीर. सुरुंग लागले की झरा जाईल, ही त्यांची भीती.

मग साहेबांना कळलं की मी तिथला जावई. “अरे, मग घोडं अडलंय कुठे? चल,” ते म्हणाले. नोकरी नवी होती, आणि खरं सांगायचं तर मला थोडी ऐटही वाटली.

जेवणात कोंबडीचं कालवण आणि तांदळाची भाकरी होती. साहेबांनी बोटं चाटली. मग देवळात गाव जमलं. आमच्या माणसांना ज्यांनी शिव्या घातल्या होत्या, ते आज माना खाली घालून बसले होते. जावयासमोर आवाज चढवायचा नाही, ही तिथली रीत. मला ते गप्प बसणं सहन होईना.

शेवटी माझी सासूच देवळाच्या पायरीवरून बोलली. “जावय, तुमी शिकल्याली मानसं. सांगा, पानी जाईल का?”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

“मामी, जाऊ शकतं,” मी म्हणालो. “नक्की सांगता येत नाही. आज मी जावई म्हणून आलेलो नाही, ऑफिसचा माणूस म्हणून आलोय. तुम्ही खुशाल नाही म्हणा.”

साहेबांचा चेहरा पडला. मला मात्र हायसं वाटलं. तात्या हसले.

“असं कसं वो पावणं? ऑफिसात गेलं म्हनून नातं सुटतं काय? पयल्यांदाच कायतरी मागाया आलाव. जावयाला रित्या हातानं धाडायची रीत नाय आमच्यात.” मग ते गावाकडे वळले. “काय रं, कुनाचं नाय हाय का?”

कुणी बोललं नाही. ठराव झाला. दोनदा भांडून राखलेली टेकडी मला आहेरात मिळाली. शरमेने माझी मान वर होईना. त्यांनी मलाही शिव्या घालून हाकललं असतं तर बरं झालं असतं.

परतताना जीपमध्ये साहेब म्हणाले, “मानलं तुला. खुशाल नाही म्हणा, म्हणे. काय नाटक केलंस.” ते नाटक नव्हतं, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही.

क्वारी झाली. ब्रेकवॉटरही चांगला झाला. काही उन्हाळ्यांनी विहीर आटली. ऑफिसने बोअर मारून दिली, तिला पाणी लागलं नाही. मी सासुरवाडीला जायचं टाळू लागलो. बायको एकटीच माहेरी जाऊन यायची आणि विहिरीबद्दल अवाक्षर काढायची नाही.

मेव्हण्याच्या लग्नाला मात्र जावंच लागलं. दारात सासूने पाय धुवायला भरलेला तांब्या पुढे केला. पाणी शेजारच्या गावाहून डोक्यावर आणलेलं होतं.

“मामी, नको. पाय स्वच्छ आहेत.”

“असूं द्या,” ती म्हणाली. “जावयाला पान्याला नाय म्हनू काय?” आणि तिने स्वतःच माझ्या पायांवर तांब्या रिता केला.

पुढे मीही साहेब झालो. माझ्या हाताखालच्या माणसाला मी कधी त्याच्या सासुरवाडीला कामासाठी पाठवलं नाही. जिथे लोकांना नाही म्हणता येत नाही, तिथला होकार घेऊ नये.