ताईचा खांदा

हमरापूरला माझी थोरली बहीण गणपतीचे डोळे आखते. कारखान्यात मूर्ती कोणीही रंगवो, डोळे ताईचे. गेल्या माघी गणपतीनंतर तिचा उजवा हात खांद्याच्या वर जाईना. शेजारणीच्या सल्ल्याने तिने तो महिनाभर जुन्या ओढणीच्या झोळीत बांधून ठेवला. दुखणं राहिलंच, वर खांदा आखडला. मग मला पेणला फोन आला. मी शाळामास्तर, मास्तरला औषधातलंही कळतं असा आमच्या घरात समज आहे.

पेणच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी करून सांगितलं, स्नायूला हाडाशी बांधणारी कंडरा अर्धवट फाटली आहे. वर्षानुवर्षं हात उंच धरून काम केल्याने ती झिजत गेली. ऑपरेशनची घाई नको, आधी तीन महिने व्यायाम. "आणि हात बांधून ठेवू नका. हाड मोडलेलं नाही."

ताईने एकच विचारलं, "डोळे आखता येतील?"

"कोपर अंगाशी ठेवून जमेल तेवढं करा, काकू," व्यायाम शिकवणारी मुलगी म्हणाली. "हात वर नेऊन नको."

ताई रोज भिंतीवर बोटं चढवू लागली. बोटं पोचतील तिथे मी दर रविवारी पेन्सिलीची रेघ मारायचो. पहिले तीन रविवार रेघेवरच रेघ.

आषाढात रोह्याच्या एका मंडळाचे अध्यक्ष आले. सोबत फोटो काढायला माणूस. मूर्ती बारा फुटी. "डोळे ताईंच्याच हातचे हवेत. मंडळाची उंची राखावी लागते."

"राखा की. माझा हात तितका वर जात नाय."

"शिडी देतो ना."

"शिडीवरनं हात लांब करावा लागतो. कोपर कुठं टेकू? बाप्पाच्या सोंडेवर?"

अध्यक्ष परंपरेवर बरंच बोलले. हे काम गेलं की मोठ्या मंडळांची पुढची कामंही जाणार, हे ताईला ठाऊक होतं. मला वाटलं, ती हो म्हणेल. ती नाय म्हणाली.

ते गेल्यावर तिने घरगुती, फूटभर उंचीची मूर्ती स्टुलावर छातीसमोर ठेवायला लावली. कोपर बरगडीला टेकवून पहिला डोळा आखला, पुसला, पुन्हा आखला. मग दुसरा.

"छान झालेत," मी म्हणालो.

"छान कसलं. उजवा जरा रागावलाय." तिने मान तिरकी करून पाहिलं. "राहू दे. घरात कुणीतरी रागावलेलं लागतंच. ही बाजूला ठेव नि दुसरी आण. मला उचलायला बंदी हाय."