जड गोळी वर, हलकी खाली

सकाळचे सव्वानऊ वाजले होते, दिवस खंडेनवमीचा. एवढ्या चांगल्या मुहूर्तावर मी काय करून ठेवलं, ते ऐका.

माझे सासरे, आबा, फौजेतले निवृत्त सुभेदार. त्यांच्याकडं परवान्याचं पिस्तूल आहे. साताऱ्याला जाऊन ते नेमबाजीचा सराव करतात. दिवाळीनंतर माजी सैनिकांची स्पर्धा होती. शस्त्रपूजेआधी आबा पिस्तूल पुसायला बसले आणि गोळ्यांचे दोन पुडे माझ्या हातात दिले. "उंचावर ठेव गं."

दोन्ही पुडे अर्धेमुर्धे, पुठ्ठा मऊ पडलेला. आता पुठ्ठा फाटणार, गोळी घरंगळणार, माझा दीड वर्षाचा शिवांश ती गिळणार. दवाखान्यात पोचेपर्यंतचं सगळं मला दिसलं. आणि आमच्याकडं तूरडाळीचे दोन अर्धे पुडे दिसले की एका डब्यात ओतायची रीत. मी तेच केलं. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, पुठ्ठे चुलीत. गोळ्या दिसायला सारख्याच, मग बिघडलं कुठं?

पुढच्या रविवारी आबा सराव करून साताऱ्याहून आले. शिवांश हात पसरून धावला, तर त्यांनी उचललंच नाही.

"माझ्याकडं नगं देऊस त्याला. हाताचा भरवसा ऱ्हायला न्हाई."

"आवं आबा, झालं काय?"

"एक गोळी वर, एक खाली. म्हातारपण आलं. स्पर्धेतनं बी नाव काढतो."

मी लगेच कामाला लागले. चहानं हात थरथरतो म्हणून त्यांचा चहा बंद केला. रोज बोकडाच्या पायाचा रस्सा सुरू. कोरेगावच्या नणंदेला फोन केला, तिनं विट्याला केला, विट्याहून इस्लामपूरला गेला. तिथं पोचेपर्यंत आबांची एक बाजू गेली होती. लोक शहाळी घेऊन यायला लागले. डॉक्टरांना काहीच सापडलं नाही, तेव्हा मला डॉक्टरांचीच शंका आली.

मग फौजेतले जुने दोस्त जाधवकाका बघायला आले. त्यांनी आबांचा नेमाचा, गोळ्यांची भोकं पडलेला कागद मागितला.

"सुभेदारा, थरथरता हात सगळीकडं मारतो. हितं तर दोन ढीग हायत, एक वर, एक खाली. गोळ्या कंच्या?"

"न्हेमीच्याच, सूनबाईनं डब्यात भरून दिल्यात. दुसरा पुडा कपाटात हाय."

मी काकांचा चहा घेऊन उभी. "कपाटात न्हाई, आबा. दोनी मी एकाच डब्यात ओतलं."

आबा माझ्याकडं वळले. "आगं, एक जड व्हती, एक हलकी."

तरी मी गप्प बसावं ना? "मग जड खाली लागली आसंल."

"उलटं हाय पोरी," काका म्हणाले. "जड गोळी नळीतनं सावकाश निघती. तवर धक्क्यानं पिस्तुलाचं तोंड वर उचललेलं आसतं. म्हणून ती वर लागती. हलकी चटकन सुटती, ती खाली."

आबांनी माझ्या हातातला काकांचा चहा घेतला आणि एका दमात संपवला. मग गोळ्यांच्या कपाटाला कुलूप घातलं, शिवांशला मांडीवर ओढलं आणि किल्ली त्याच्या मुठीत दिली.

"सांभाळ रं गड्या. तोंडात घातलीस तरी चालंल, आईच्या हातात दिऊ नगंस."

स्पर्धेत नाव परत घातलंय. पण शहाळी अजून येतायत, आणि आबा दार उघडायला मलाच पाठवतात. तेव्हा कोरेगाव, विटा, इस्लामपूरकडं तुमचं कुणी असेल तर एवढं सांगा, आबांचा हात ठणठणीत आहे. बघायला यायचंच असेल तर सुनेला बघायला या.