सातोसानांची दुसरी भाकरी

आमच्या चांदे गावात जपानी माणसाला उपाशी ठेवण्याचा पहिला मान माझा आहे.

हिंजवडीच्या एका कंपनीत आलेले सातोसान भाड्याने घर शोधत होते. आमचा वरचा मजला रिकामा होता. (शेजारच्या चुलतभावाचा, बबनचाही रिकामा होता, हे महत्त्वाचं!) एजंट म्हणाला, "पुढच्या महिन्यात रविवारी आणतो. आधी तुमच्याकडं, मग बबनरावांकडं."

मी ठरवलं, पाहुणा बबनची पायरी चढताच कामा नये! पाहुण्याला थेट जेवायलाच बोलावलं आणि गोठ्यात मोबाईल टांगून महिनाभर जपानी शिकलो. रोज म्हशीपुढे कमरेत वाकून नमस्काराचं "कोन्निचिवा" म्हणायचो. म्हशीचं दूध घटलं, पण मी हटलो नाही.

रविवारी सातोसान आले. मी वाकलो, तर ते हात जोडून म्हणाले, "राम राम, भाऊ!" मग मी त्यांचे बूट उचलून दाराकडे तोंड करून ठेवले. जपानात तसाच रिवाज आहे. माझी बायको सुनंदा आतून बघत होती.

"आवो, पावनं आत्ता आल्यात. लगीच वाट दावताय व्हय?"

"तुला न्हाई कळायचं!"

बेत गावरान कोंबडीचा. पहिली भाकरी संपली तशी सुनंदा दुसरी घेऊन आली. सातोसानांनी ताटावर हात आडवा धरला. "नको, नको. पोट भरलं."

सुनंदा वाढायला वाकली. मी तिचा हात धरला.

"थांब! जपानात नको म्हंजी नको. आग्रह केला तर राग येतो त्यांना!"

"आवो, येकच भाकर खाल्लीया! नजर बघा, पातेल्यावर हाय!"

खरंच होती. पण मी पडलो शिकलेला माणूस! रस्सा आला. "नको, नको." मी रस्सा परत पाठवला. भात आला, तोही पाठवला. दर वेळी सातोसानांचा चेहरा उतरायचा आणि मी अदबीने आभाराचं "अरिगातो" म्हणायचो. शेवटी तर कोणी काही वाढत नसतानाच ते आशेने म्हणाले, "नको?" मी ताट उचललं.

मग ते बबनकडे गेले. थोड्या वेळाने भिंतीपलीकडून वहिनींचा आवाज आला, "नको कसं? खावा की वो! आमच्या दारातनं अर्धपोटी जायाचं न्हाई!"

मी भिंतीला कान लावला.

संध्याकाळी एजंट आला. "घर तुमचंच आवडलं होतं त्यांना."

"मग?"

"त्ये बी मराठी रिवाज शिकून आल्यात. वहीतच लिवलंय, 'आधी तीनदा नको म्हणायचं, मग यजमान वाढतोच.' तुमी येकदाबी वाढलं न्हाई! बबनरावांकडं चार भाकरी खाल्ल्या."

मला स्वतःचाच इतका राग आला, की त्या रात्री मीही जेवलो नाही. (सुनंदानेही आग्रह केला नाही!)

आता सातोसान बबनच्या माडीवर राहतात. सकाळी गॅलरीतून मला हाक मारतात, "राम राम, भाऊ! चहा झाला का?" मी सवयीने कमरेत वाकतो. नवखा माणूस गावात येऊन विचारतो, "तो जपानी कुटं राहतो?"

आणि पारावरची माणसं बिनदिक्कत माझ्या घराकडे बोट दाखवतात.