आलवणातली ठकी

चिंधीकाकूंच्या ठक्यांना, म्हणजे लाकडी बाहुल्यांना, आमच्या आळीतल्या बायका घाबरत. एकदा शेजारची सून काकूंच्या ओसरीवर चढली आणि तिने चटकन पदर डोक्यावर ओढला. समोर फळीवर तिची सासू उभी होती. सासूला जाऊन वर्ष झाले होते.

कल्याणात पारनाक्याजवळ, आमच्या घराला लागूनच काकूंची खोली होती. लहानपणीच नवरा गेलेला, त्यामुळे डोक्यावर केस नाहीत आणि अंगावर जन्माचे तांबडे आलवण. पण रंगीत लुगड्यांची त्यांच्याइतकी पारख गावात दुसऱ्या कोणाला नव्हती. आई गेली, की लेक तिच्या पदराचा तुकडा काकूंकडे आणून देई आणि काकू तो लाकडी ठकीला नेसवत. कोळीण असेल तर गुडघ्यापर्यंत घट्ट, ब्राह्मणाघरची असेल तर पायघोळ. इरकलीचा काठ आणि पैठणीचा पदर त्या नुसत्या बोटांनी ओळखत. "नेसणं चुकलं, तर ती यायची नाही हो," असे म्हणत. कोण यायची नाही, हे विचारायची आमची छाती नव्हती.

त्यांचा एकच नेम होता, पण कडक. जिवंत बाईचा पदर घ्यायचा नाही. कोणी आणलाच, तर "घेऊन जा आधी तो," म्हणून अंगावर ओरडत.

मी तेव्हा नऊ वर्षांची. माझी आजी मी जन्मायच्या आधीच गेली, तिची लुगडीही वाटून टाकलेली. सगळ्या मैत्रिणींच्या आज्या फळीवर आणि माझीच नाही, याचे मला भारी दुःख! शेवटी मी आईच्या काळ्या चंद्रकळेच्या पदराचा कोपरा कातरला आणि आजीचा म्हणून काकूंना नेऊन दिला.

काकूंनी ठकी नेसवली, फळीवर ठेवली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. "यमे, तुझी आजी ताठ होती गं. ही मान का कलती करते?" लाकडाची मान ती! पण मलाही ती उजवीकडे कललेली दिसली. निवडण-टिपण करताना माझ्या आईची मान अगदी तशी कले.

दुसऱ्या दिवशी आईला ताप भरला. तिसऱ्या दिवशी ती हाकेला ओ देईना. वैद्यबुवा नाडी सोडून वडिलांना बाहेर घेऊन गेले. मी धावत काकूंकडे गेले आणि रडत सगळे सांगितले. मला वाटले, मार बसणार. काकूंनी ठकीचे लुगडे सोडले आणि सुई-दोरा घेऊन भर दुपारी आमच्या घरी आल्या. सवाष्णीच्या चंद्रकळेला विधवेचा हात लागू नये अशी रीत, पण त्या दिवशी त्यांना कोणी अडवले नाही. आईच्या उशाशी बसून त्यांनी तो कोपरा पदराला जोडला आणि चंद्रकळा आईच्या अंगावर पांघरली. सकाळी आईने पाणी मागितले.

मी आनंदाने सांगायला गेले, तर फळीवरच्या त्या ठकीला तांबडे आलवण नेसवलेले. काकूंच्या पदराचा कोपरा कातरलेला होता.

"काकू, हे काय केलंत?"

"ती नेसायला मागत होती. बाकीच्या चिंध्या ज्यांच्या त्यांच्या आहेत, माझी एवढी एकच. रडतेस काय? आईपाशी जा."

पंधरा दिवसांत काकू गेल्या. गावात तेव्हा तापाची साथ होती, असे माझा डॉक्टर मुलगा म्हणतो. असेलही. तेच खरे वाटावे अशी माझी इच्छा आहे, पण वाटत नाही. आई पुढे तीस वर्षे जगली आणि तिला मी हे कधी सांगू शकले नाही.

ती ठकी आता माझ्या कपाटात आहे. तिची मान आता काकूंसारखी ताठ आहे. साऱ्या गावाला रंग नेसवणारी ही बाई माझ्यापायी अजून आलवणात उभी, हे माझ्याने बघवत नाही. सुनेला सांगून ठेवले आहे, "मी गेले, की माझ्या लग्नातल्या शालूचा पदर काप. माझी ठकी करू नकोस. तो काकूंना नेसव."