टाकीखालचा आवाज

२९ फेब्रुवारी २०१६ हा दिवस सोमवार होता. कोणतीही दिनदर्शिका उघडून हे पडताळता येईल. त्या सोमवारची बाकीची हकीकत मात्र दोनच माणसांच्या सांगण्यावर उभी आहे: फिटरची बायको आणि शेजारचा सुतार. दोघांचं म्हणणं बहुतांशी जुळतं.

फिटर त्रेसष्ट वर्षांचा. घरामागच्या पत्र्याच्या खोलीत त्याचं वर्कशॉप होतं. यंत्र चालू करायचं, डोळे मिटायचे आणि दोषावर नेमकं बोट ठेवायचं, ही त्याची रीत. म्हणून ओळखीचे लोक त्याला कानसेन म्हणत. हवेची गळती शोधायला बाकीचे कारागीर सांध्यांना साबणाचं पाणी लावतात आणि बुडबुडे कुठे येतात ते पाहतात. फिटर ते कधीच करत नसे. "साबण अंघोळीला," एवढंच म्हणायचा.

त्या सोमवारच्या दोन वर्षं आधी त्याचे कान गेले. एकदम गेले नाहीत. आधी बारीक, तीक्ष्ण आवाज हरपले, आणि गळणाऱ्या हवेचा आवाज नेमका त्याच जातीचा. बायकोच्या हे लक्षात आलं, पण तिनं ते तोंडातून काढलं नाही. गिऱ्हाईक समोर असलं की ती चहा घेऊन वर्कशॉपात जाई, क्षणभर कानोसा घेई आणि आवाज जिथून येतोय त्याच्या जवळ कप ठेवी. फिटर चहा पिई, डोळे मिटी आणि कपाच्या आसपास बोट ठेवी. गिऱ्हाईक मान डोलावत घरी जाई. या व्यवस्थेबद्दल नवराबायकोत कधी एक अक्षरही बोलणं झालं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्या सोमवारी दुपारी बिघडला होता तो फिटरचा स्वतःचाच, टाकीत हवा दाबून भरणारा कॉम्प्रेसर. मोटर थांबली की हवेचा दाब दाखवणारा काटा आठवरून खाली घसरायचा आणि मोटर पुन्हा धडधडायला लागायची. सुताराला दारांच्या फळ्यांवर रंगाचा फवारा मारून हवा होता, म्हणून तो बाकावर बसून होता.

"काका, दुसऱ्यांची यंत्रं बरी करता आणि घरचं आजारी? दिव्याखाली अंधार!"

फिटर त्याच्या ओठांकडे बघून हसला. त्यानं टाकीच्या तोंडाचा, हवा मागे न सोडणारा व्हॉल्व्ह उघडला, आतली पितळी चकती पुसली, पुन्हा बसवली. मोटर चालली, थांबली. काटा घसरलाच.

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. तिला आवाज लगेच मिळाला: टाकीच्या पोटाखाली, पाणी काढायच्या कॉकच्या डाव्या अंगाला, वेल्डिंगच्या शिवणीपाशी. पण टाकीच्या पोटाला कप चिकटवता थोडाच येतो? तिनं तो खाली फरशीवर ठेवला.

"काकू, चहा टाकीला पाजताय का?" सुतार म्हणाला.

"टेबलावर जागा कुठाय बाबा, सगळा पसारा यांचा!"

फिटरनं कप उचलला, डोळे मिटले. "तळाचा कॉक," तो म्हणाला.

"वा! याला म्हणतात कान!"

हवा सोडून त्यानं जुना कॉक काढला, तसं तांबूस, घाण पाणी अर्धी बादली भरून निघालं. सुताराचं हसू मावळलं. "काका, ही टाकी आहे की गटार?"

"पाणी गेलं, रोग गेला," फिटर म्हणाला आणि नव्या कॉकला टेप गुंडाळू लागला.

हवेतल्या बाष्पाचं टाकीत साचणारं हे पाणी रोज काढायचं असतं. न काढल्यास टाकी आतून गंजते. पूर्वी फिटर रोज संध्याकाळी कॉक उघडी आणि ते फुसकारणं स्वयंपाकघरापर्यंत पोचे. त्या सोमवारच्या दीड वर्ष आधी ते बंद झालं. "मला तर बरं वाटलं," बायको सांगते. "म्हटलं, सुटलो त्या कटकटीतून."

मोटर पुन्हा सुरू झाली. काटा पाचावर गेला आणि तिला तोच आवाज ऐकू आला, त्याच जागी, आता जास्त जाड. 'अहो, बंद करा, टाकीच गळतेय,' हे पाच शब्द तिच्या जिभेवर आले होते. पण सुतार समोर होता. फिटरला जे ऐकू आलं नाही ते बायकोला ऐकू आलं, ही गोष्ट संध्याकाळपर्यंत पंचक्रोशीत पसरली असती.

"आणखी चहा आणू का?" ती म्हणाली.

दुसरा कप शिवणीच्या बाजूला सरकवून ठेवायचा, असा तिचा विचार होता. पातेल्यातला चहा उकळीला आला तेव्हा घर हादरलं.

टाकी तळातून फाटली, उडाली आणि शेजारी गुडघ्यांवर बसलेल्या फिटरच्या छातीवर आदळली. इस्पितळात पोचण्याआधीच तो गेला. सुतार फळ्या आणायला फाटकापाशी गेला होता, म्हणून वाचला. नंतर एका मेकॅनिकनं फाटलेला पत्रा पाहिला. शिवणीजवळ तो बोटानं मोडत होता. नवा कॉक शाबूत होता.

बायको स्वतःला गुन्हेगार समजते. सांत्वनाला येणाऱ्यांना ती एकच वाक्य ऐकवते: "मी जीव वाचवायचा सोडून नाव वाचवलं."

सुताराच्या सांगण्यातला एक तपशील मात्र तिच्या या निकालात बसत नाही. फळ्या आणायला जाण्यापूर्वी त्यानं पाहिलं होतं, की मोटर सुरू करण्याआधी फिटरनं टाकीच्या पोटाखालून तळहात फिरवला, बोटांना लागलेले गंजाचे पापुद्रे उजेडात धरून पाहिले आणि हात पँटला पुसला. सुतार शपथेवर हे सांगतो; बायकोचं तेव्हा तिकडे लक्ष नव्हतं, दुसरा साक्षीदार नाही. गंज ओळखायला कान लागत नाहीत, आणि चाळीस वर्षं हेच काम केलेल्या फिटरला ते पापुद्रे म्हणजे काय हे कळलं नसेल, असं मानणं कठीण आहे. तरीही त्यानं बटण का दाबलं, हे माहीत नाही. रोज पाणी काढायचं त्यानं का सोडलं, हेही माहीत नाही.