बेरिलचा बाप पळाला होता का?

बेरिल ऑर्मरॉडला एका जागी बसवत नाही. अठ्ठ्याहत्तर वय, दोन्ही गुडघे गेलेले, तरी बाई उठते, किटली लावते, चहा तसाच टाकून खिडकीशी जाते. पोस्टमन दिसला की अनवाणीच दारात.

आग लावली केन शार्पल्सनं. हॅलशॉ या इंग्लंडातल्या गिरणगावात, माजी सैनिकांच्या क्लबात गावच्या शिपायांचे फोटो भिंतीवर लावायचे होते, काम केनकडं. बेरिलनं बापाचं नाव दिलं: क्लिफर्ड ऑर्मरॉड, पायदळ, दुसरं महायुद्ध.

"त्याचा कशाला?" केन म्हणाला. "पळपुटा होता तो. माझा बाप त्याच्याच तुकडीत होता. लष्करी पोलिसांनी धरून आणलेला बघितलाय त्यानं."

"तोंड सांभाळ, केन."

"कागद आण, मग सांभाळतो."

बेरिल पेटली. पण आतून हललीही. बाप युद्धावर कधी बोललाच नव्हता. नोव्हेंबरात सगळं गाव लाल कागदी फुलं लावून युद्धस्मारकापाशी उभं राहायचं, तेव्हा हा मागच्या अंगणात कबुतरांना दाणे टाकत बसायचा. लाज तर नव्हती ना ती?

सरकारकडून नोंद मागवायची तर त्याचा लष्करी नंबर हवा. तो सापडला त्याच्या दाढीच्या ब्रशच्या दांड्यावर, चाकूनं कोरलेला. मृत्यूचा दाखला जोडून अर्ज गेला. मग महिनेच्या महिने काही नाही.

धाकटा भाऊ ट्रेव्हर फोनवर वैतागला. "अगं, मेलेल्याला कशाला उकरतेस? खरंच पळाला असला तर?"

"तर मला कळायला नको? तू बस पांघरुणात तोंड घालून."

पाकीट आलं. तिनं दारातच फाडलं. जुलै १९४३, छावणीतून विनापरवाना गायब. आठवड्यानं ब्लॅकपूलला अटक. कोठडी, पगारकपात. खाली इटली, जखमी, पुन्हा आघाडीवर, असंही होतं. पण तिची नजर वरच अडकली.

पळालाच होता.

कागद शेगडीत घालावा असं वाटलं. काडीसुद्धा ओढली. मग शेगडीच्या वरच्या फळीवरल्या फोटोकडं लक्ष गेलं. ब्लॅकपूलच्या वाळूत आरामखुर्चीवर बाप, शेजारी आई, हातात कोळंबीची पुडी. आई म्हणायची, "युद्धातही वेक्सच्या सुट्टीला तुझ्या बापाला रजा मिळायचीच." काडी बोटापर्यंत जळली तेव्हा बेरिल भानावर आली.

शुक्रवारी क्लबात तिनं कागद केनपुढं आपटला. "घे. पळाला होता."

केननं चष्मा चढवला. "बघ! मी म्हणत होतो ना..."

"तारीख वाच, गाढवा. मोठ्यानं."

त्यानं वाचली. कोपऱ्यातून विनी क्लेग ओरडली. पंच्याण्णवची म्हातारी, पोरवयात गिरणीत लागलेली. "अरे, तो तर आपला वेक्स!"

वेक्स म्हणजे गिरण्या बंद, पाववाला बंद, अख्खं हॅलशॉ आठवडाभर ब्लॅकपूलच्या समुद्रावर. आज्या-पणज्यांपासून तसंच.

"वेक्सला कामावर कोण राहतं?" विनी म्हणाली. "लष्करानं आधी गिरणीला विचारायचं!" क्लब हसला. विनीनं बोटांवर महिने मोजले. "आणि बेरिल, तू एप्रिल चव्वेचाळीसची ना गं?"

बेरिल कानापर्यंत लाल झाली. आता तर सगळे टेबलं बडवायला लागले.

केन हसला नाही. "युद्ध चालू होतं. माझ्या बापाला नव्हतं वाटत घरी जावंसं? तो थांबला."

हसणं विरलं. बेरिल त्याच्यासमोर बसली, कधी नव्हे ती. "थांबला, मान आहे त्याला. माझा गेला, शिक्षा भोगली, मग इटलीत जखमी होऊनही परत लढायला उभा राहिला. खालचंही वाच. दोघांनाही लाव."

केननं वाचलं. बराच वेळ वाचलं. "गणवेशातला फोटो आण," शेवटी पुटपुटला.

"आणलाय." तिनं पिशवीतून ब्लॅकपूलचा फोटो काढला. "पँट लष्कराचीच आहे."

त्यानं खिळा ठोकून तो लावला, स्वतःच्या बापाच्या फोटोशेजारी. जरा वाकडाच.

बाप नोव्हेंबरात कबुतरांपाशी का बसायचा, त्याचं मात्र त्या कागदात काही नव्हतं. घरी येऊन बेरिलनं किटली लावली, आणि चहा तसाच टाकून मागच्या अंगणात गेली.