डोळ्यांच्या डॉक्टर आणि आमची म्हैस

घरात कुणी आजारी पडलं की भेटायला येणारे केळी आणतात. ती दोन दिवसांत संपतात, किस्से मात्र साठत जातात. आप्पांच्या डोळ्याचे आमच्याकडे बरेच साठलेत.

आप्पा म्हणजे माझे वडील. चाकणच्या एका कंपनीत पार्टवरचे ओरखडे शोधायचं काम करतात. मोशीत आमच्या चारी बाजूंना सोसायट्या आल्या, तरी गोठ्यात एक म्हैस आहे. त्यांचा उजवा डोळा लाल झाला तेव्हा सगळे म्हणाले, "डोळे आलेत." आप्पा गॉगल लावून शिफ्टला गेले.

सुपरवायझर म्हणाले, "काय राव, पार्ट तपासायचेत, शूटिंग नाही!"

पण डोळा दुखायला लागला, धूसर दिसू लागलं. डोळा बरा झाल्याचा डॉक्टरांचा कागद आणा, मगच लाईनवर, असं कंपनीने सांगितलं.

*

डोळ्यांच्या डॉक्टर मॅडमनी तपासून विचारलं, "मधूनमधून ताप येतो? कंबर दुखते? घरी जनावरं आहेत?"

सोबत आलेली आजी माझ्या कानात म्हणाली, "ह्या डोळ्याच्या डॉक्टर हायेत का ढोराच्या?"

"मध्यंतरी म्हैस गाभडली होती का, म्हणजे गर्भ पडला होता का?" मॅडमनी विचारलं.

आजी उठून उभीच राहिली. "बाई, तुमाला कुणी सांगितलं?"

*

"दूध उकळून पिता ना?" मॅडमनी आप्पांना विचारलं.

"व्हय," आप्पा म्हणाले.

मी परक्यांसमोर बोलत नाही. तरी तोंडातून निघालं, "नाही. धार काढली की गोठ्यातच पेलाभर पितात."

आप्पांनी एकाच डोळ्याने माझ्याकडे बघितलं. तेवढं पुरलं!

*

रक्ताच्या रिपोर्टमध्ये ब्रुसेलोसिस निघाला. जनावराच्या कच्च्या दुधातून आलेला जंतू अंगभर पसरून डोळ्यात सूज आणतो, असं क्वचितच होतं म्हणे. गोळ्या आणि थेंब सुरू झाले.

नर्सने फोनवर विचारलं, "आजी, आता दूध उकळता ना?"

"सगळं उकळलंय. म्हैस तेवढी ऱ्हायलीय!"

*

एका दुपारी आप्पा डावा डोळा झाकून स्टीलचं ताट उजेडात फिरवत होते.

"दिसतंय का?" मी विचारलं.

"ताट दिसतंय," ते म्हणाले. आणि ओरखडे शोधत ताट पुन्हा फिरवू लागले.

*

गोळ्यांचा कोर्स संपल्यावर पुन्हा तपासणी होती. डावा डोळा झाकून आप्पा भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं वाचू लागले. शेवटच्या ओळीपाशी थांबले. आजीने माझा हात घट्ट धरला.

"दिसत नाही का?" मॅडमनी विचारलं.

"दिसतंय. पण मॅडम, तक्ता डावीकडं जरा उतरलाय."

मॅडम मागे वळल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग स्वतःच स्टुलावर चढल्या आणि तक्ता हळूच वर सरकवला.

"आता?"

"अजून सूतभर," आप्पा म्हणाले. "हां. ओके."